बटाट्याची सालं आणि आक्काचा हात

हे लिहायला मी दुपारचीच बसते. आक्काच्या पायाचं ड्रेसिंग उरकलं, तिला गोळी दिली, की ती पंख्याखाली जरा डोळा लावते आणि मग घर माझ्या ताब्यात येतं. थकायला होतं हो आता. साठी माझीही केव्हाच उलटली, खाली बसले की उठताना आधी गुडघ्यांची समजूत काढावी लागते. आणि आक्काची साखर अशी की टाचेवरची जखम बुजायचं नाव घेत नाही. रोज तेच, जुनी पट्टी सोडायची, पुसायचं, मलम, नवी पट्टी. तिची लेक प्रज्ञा पवईला एका प्रयोगशाळेत कामाला आहे. तिथे माणसाच्या कातडीतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात म्हणे. परवा तिने मोबाइलवर फोटो दाखवला. गुलाबी पाणी, आणि तळाशी दुधावरच्या सायीसारखं काहीतरी धूसर. "मावशी, हे कातडं आहे. एवढ्याशा तुकड्यापासून वाढवलंय." मी म्हटलं, "मग तुझ्या आईच्या टाचेला लाव की." तर म्हणाली, "अगं, वेळ आहे अजून. आधी तपासण्या, मग परवानग्या, मग कुठे माणसाला लावायचं." आक्का पलंगावरूनच म्हणाली, "म्हणजे मी गेल्यावर. चालेल, फ्रीजमध्ये ठेव जपून."

प्रज्ञा हसली आणि कामावर गेली. मी मात्र दिवसभर त्या सायीचाच विचार करत राहिले. जखमेवर दुसरंच काहीतरी कातडं म्हणून ठेवायचं आणि खालचं आपलं आपण वाढायला सोडायचं, ही गोष्ट आमच्या घरात फार आधी शिरली होती. तीही भाजीच्या पिशवीतून. प्रज्ञाला अर्धीमुर्धी माहीत आहे. पूर्ण आता आम्हा दोघींनाच ठाऊक, आणि आक्का त्यावर बोलत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं.

तेव्हा आम्ही घाटकोपरला डोंगराच्या चढावर राहायचो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत मोरी. आई, बापू, आक्का आणि मी. आक्काचं खरं नाव सुमन, पण मला ते नाव उच्चारायची मुभा नव्हती. मला सगळे बेबीच म्हणायचे, अजून म्हणतात. डोक्यावरून विमानं इतकी खाली यायची की बोलणं अर्ध्यात थांबवावं लागायचं. आमच्याकडे भांडणसुद्धा विमानाच्या वेळापत्रकावर चालायचं. आई काही बोलायला तोंड उघडायची, वरून घरघर सुरू व्हायची, मग ती हात कमरेवर ठेवून ते जायची वाट बघायची आणि गेलं की नेमका तिथूनच पुढचा शब्द उचलायची. सकाळी भाकरी थापायचे आवाज चढभर. कुणाच्या हाताची थाप कशी हे झोपेतही कळायचं. आईची मऊ, शेजारच्या ताराबाईंची धपाधप. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, सुकटीची चटणी, रविवारी विहारातून वंदना करून आलं की मटणाचा रस्सा, तोही पाणी घालून वाढवलेला. बापू विक्रोळीच्या कारखान्यात फिटर होते. साताऱ्याकडचे. बोलायचे कमी, पण बोलले की गावाकडची बोली तशीच.

त्या घरात एक नियम होता. भाजीचं साल ताटात येता कामा नये. दोडक्याच्या शिरांची चटणी सगळ्या घरांत होते, तीळ घालून, कुरकुरीत परतून. आमच्याकडे नाही. आईला ती जिवापाड आवडायची, म्हणून ती शिरा पदरात बांधून ताराबाईंकडे घेऊन जायची आणि तिथेच करून, तिथेच खाऊन यायची. काकडी बापू स्वतः सोलायचे, टोमॅटोसुद्धा चुलीवर भाजून त्याची पापडी काढून टाकायची. लग्नाकार्यात उरलेलं बांधून दिलं तर हात मागे. मी लहानपणी समजायचे, बापूंना सालं पचत नसतील. पुढे आईने सांगितलं. गावाला बापूंची आजी मोठ्या घरांच्या मागच्या दाराशी टोपली घेऊन उभी राहायची. कार्य असलं की तिथून उष्टं मिळायचं, आणि कार्य नसलं की भाजीची सालं. बापू तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ धरून उभे असायचे. वरून टोपलीत टाकत. हात लागू नये म्हणून वरून. एवढंच सांगितलं आईने आणि म्हणाली, "त्यांना विचारू नकोस हां कधी." मी नाही विचारलं.

आक्का मुलुंडला औषधं पॅक करायच्या एका छोट्या कारखान्यात जायची. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या. गोरीपान नव्हती, पण तिच्या कातडीला एक चमक होती, तेल लावल्यासारखी. ताराबाई म्हणायच्या, "काय गं सुमे, कंपनीतलं टॉनिक पितेस काय?" त्या सकाळी आई पाण्याच्या रांगेत होती आणि आक्का चहा टाकत होती. स्टोव्हला पिन मारली आणि भडका उडाला. अंगावर नायलॉनची ओढणी. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं आणि अंगाला चिकटतं. मी दारात दात घासत होते. ताराबाईंनी गोधडी टाकून तिला दाबून धरलं म्हणून जीव वाचला. कुणीतरी धावत येऊन दौतभर निळी शाई ओतली, भाजलं की शाई लावतात अशी समजूत होती तेव्हा. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत, डावी कूस आणि मांडीचा थोडा भाग, सगळं निळं, लाल आणि काळं. माझ्या तोंडातला फेस तसाच राहिला होता, तो मी गिळला की थुंकला, आठवत नाही.

म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात भाजलेल्या बायकांचा वेगळा वॉर्ड होता. वॉर्ड कसला, लांबोडी खोली. मच्छरदाण्या, त्याखाली अंगाला चादर लागू नये म्हणून लोखंडी कमानी, आणि एक वास. त्या वासाबद्दल मी लिहिणार नाही. बहुतेक सगळ्या नुकतंच लग्न झालेल्या पोरी. हवालदार येऊन विचारायचा, कसं झालं? प्रत्येक जणी सांगायची, स्टोव्ह. शेजारी सासू उभी असायची. मला वाटायचं, बाई गं, या मुंबईत स्टोव्ह किती वाईट! घरी येऊन मी आईला म्हटलंही, "सगळ्यांचेच स्टोव्ह कसे गं फुटतात?" आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. आमच्या आक्काचा खरंच फुटला होता. पण तिच्यावरही कुणाचा विश्वास बसायचा नाही, कोणीतरी विचारायचंच, कुणाशी जमलं होतं का हिचं?

माझी शाळा तेव्हाच सुटली. कुणी सोड म्हणालं नाही, सोडावी लागतेय असंही कुणी म्हणालं नाही. आई हॉस्पिटलात, बापू कामावर, मग पाणी कोण भरणार, भाकऱ्या कोण करणार, डबा कोण पोहोचवणार? मी डबा घेऊन चढ उतरायचे, वॉर्डात बसायचे, संध्याकाळी पुन्हा चढायचे. त्या वयात माणूस दमत नाही म्हणतात. मी दमले होते. वॉर्डाच्या भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपायचे. पुढे जे काही वाचलं, शिकले, ते असंच मिळेल तसं. रद्दीतल्या मासिकांतून, प्रज्ञाच्या जुन्या पुस्तकांतून.

सगळ्यात वाईट वेळ ड्रेसिंगची. जखमेवर जाळीचं कापड बांधायचे, ते रात्रभरात वाळून जखमेलाच चिकटायचं. सकाळी मिठाच्या पाण्याने भिजवायचं आणि ओढायचं. नवी आलेली कोवळी कातडी असेल तर तीही त्याच्याबरोबर निघायची. म्हणजे रोज भरायचं आणि रोज ओरबाडायचं. आक्का आईच्या पदराचा बोळा दातात धरायची आणि तरीही ओरडायची. तो आवाज वॉर्डाच्या खिडकीतून खाली, अंगण ओलांडून फाटकापर्यंत जायचा. मला माहीत आहे, कारण बापू फाटकाशी उभे असायचे. रात्रपाळी मागून घेतली होती त्यांनी, सकाळी थेट हॉस्पिटलला येता यावं म्हणून. यायचे, आणि वर न येता फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. ड्रेसिंग संपून आवाज थांबला की वर येऊन विचारायचे, "झालं का?" जसं काही आत्ताच पोचलेत.

एक दिवस आक्काने ड्रेसिंगला नाही म्हटलं. हात घट्ट अंगाशी धरून बसली. वॉर्डातल्या मावशी होत्या मालवणकडच्या, त्या म्हणाल्या, "गो बाय माझ्या, असा नको करू. सडात ता." आक्का म्हणाली, "सडू दे." आई रडली, सिस्टर ओरडल्या. आक्का ढिम्म. दुसऱ्या दिवशीही तेच. मग अंगात ताप भरला आणि डोळे वेगळेच दिसायला लागले. पलीकडच्या पलंगावरची एक पोर अशाच तापात गेली होती. पलंग रिकामा झाला होता, गादी उलटी करून ठेवली होती. आक्का त्या गादीकडे बघत बसायची.

तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. मध्यम वयाच्या, बारीक, केसांचा घट्ट अंबाडा. पलंगाच्या कडेला टेकल्या आणि आई-बापूंना म्हणाल्या, "एक विचारायचंय. आमच्याकडे काही पेशंटांना आम्ही जाळीच्या कापडाऐवजी बटाट्याची सालं लावून बघतोय. उकडलेल्या बटाट्याची. कापडावर शेजारी शेजारी चिकटवायची, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची आणि आतली बाजू जखमेवर. ती चिकटत नाहीत. जखम ओली राहते, काढताना त्रास होत नाही."

आईने ऐकून डोळे मोठे केले. बापूंनी विचारलं, "काय लावता म्हणलात?"

"बटाट्याची सालं."

बापूंचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"बाई, तुमच्या घरातलं कुणी भाजलं असतं, तर लावली असती का सालं?"

"लावली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेरच्या देशांत मेलेल्या माणसाचं कातडं ठेवतात, डुकराचं ठेवतात. आपल्याकडे ते कुठून आणायचं? आणि सालं म्हणजे काही नवं कातडं नव्हे. ती फक्त झाकतील. वाढायचं काम हिच्या अंगाचं."

"म्हंजे प्रयोग."

"हो. प्रयोगच. म्हणून तर विचारतेय."

"न्हाई," बापू म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमच्या आजीनं लोकांच्या मागल्या दाराला उभं ऱ्हाऊन सालं घेतली. वरनं टाकायचे टोपलीत. तेवढ्यापायी गाव सोडलं मी. आता हितं येऊन माझ्या पोरीच्या अंगावर तीच ठेवू? ऱ्हाऊ द्या. न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. त्यांना यातलं कितपत कळलं, मला सांगता येणार नाही, पण त्यांनी समजवायचा प्रयत्न केला नाही, हे मला आजही बरं वाटतं. आई पदराचं टोक पिळत होती. वरून विमान चाललं होतं, ते जाईपर्यंत कुणीच बोललं नाही.

मग आक्का बोलली. तापाने घसा बसला होता तिचा. "बापू, ड्रेसिंगच्या वेळी तुम्ही कुठे असता?"

बापू खिडकीकडे बघायला लागले.

"फाटकाशी असता. माहितेय मला. तुम्हाला ऐकवत नाही म्हणून." ती दम घ्यायला थांबली. "मी कुठे जाऊ? माझंच ओरडणं आहे, मला ऐकायलाच लागतं."

"सुमे, तुला कळत न्हाई..."

"मला दुखतं एवढं कळतं. बापू, तुमच्या आजीला कुणी विचारलं नव्हतं. टाकलं आणि तिने घेतलं. मला या विचारतायत. मी हो म्हणतेय. अंग माझं आहे."

आमच्या घरात बापूंसमोर असं कुणी बोलत नव्हतं. आईने तोंडावर हात ठेवला. बापू उठले आणि जिना उतरून गेले. डॉक्टरीणबाईंनी आक्काच्या कपाळावर हात ठेवला आणि आईला म्हणाल्या, "सालं आम्हाला नेहमीच कमी पडतात. घरून आणता आली तर आणा. बटाटे तुम्ही खा, सालं मला द्या."

झालं, तेव्हापासून आमच्या घरात बटाटे सुरू झाले. आईने मोठ्या पातेल्यात उकडले. साल मोठं, अखंड निघावं म्हणून बटाटा गरम असतानाच सोलायचा, बोटं भाजायची. मी सोलायचे आणि फुंकर मारायचे. सुरुवातीचे ते दिवस बापू पडवीत पाठ करून बसायचे आणि भाकरी चटणीशी खायचे. बटाट्याला हात लावायचे नाहीत. बोलायचेही नाहीत, आईशी नाही, माझ्याशी नाही. आणि आम्ही मायलेकी बटाटे खायचो. रस्सा, सुकी भाजी, पिठलं करून त्यात बटाटा, भाकरीत कुस्करून बटाटा. ताराबाईंकडे डबा द्यायचो, त्यांच्या पोरांनी शेवटी हात जोडले, "काकू, आता नको ना यार!" अजूनही बटाटा उकडल्याचा वास आला की माझी कंबर दुखायला लागते. खरंच सांगते.

पण पहिल्याच दिवशी आईने घोटाळा केला. आई म्हणजे स्वच्छतेची मोठी भोक्ती. आमच्या मोरीत बसून जेवावं अशी मोरी. हे जिन्नस पोरीच्या उघड्या अंगाला लागणार, तर त्यावर मातीचा डागही कसा चालेल? आणि मला वाटतं, मनात आणखीही एक होतं. साल सालासारखं दिसूच नये, बापूंच्या नजरेस पडलं तरी त्यांना दुसरंच काही वाटावं. म्हणून तिने उकडायच्या आधी काथ्या घेऊन एकेक बटाटा असा घासला, असा घासला, की वरचं तपकिरी सगळं निघून गेलं आणि बटाटे लहान पोरासारखे पिवळेगोरे झाले. त्यांची सालं काढून, स्वच्छ फडक्यात बांधून, मोठ्या अभिमानाने हॉस्पिटलात नेली.

डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं आणि बघतच राहिल्या. "अहो वहिनी, हे काय? इतकी गोरी करून आणलीत?"

"घासली ना चांगली. डाग नाही एक."

"तो डागच तर हवा होता मला!" त्या हसायला लागल्या, मग आईचा चेहरा बघून थांबल्या. आम्हाला दोघींना शेजारच्या खोलीत नेलं. तिथे सूक्ष्मदर्शक होता. बटाट्याच्या तपकिरी सालाची एक पातळ चकती त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बघा." आईने आधी मला बघायला लावलं. मी डोळा लावला. विटांची भिंत दिसली मला. चपट्या, रिकाम्या विटा, एकावर एक रचलेल्या. "या पेशी मेलेल्या आहेत," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "आत काही नाही. पण भिंती शाबूत आहेत, त्यातून पाणी बाहेर जात नाही. म्हणून तर बटाटा टोपलीत इतके दिवस राहतो, वाळत नाही. हाच थर जखमेची ओल धरून ठेवतो. तुम्ही नेमका तोच घासून काढलात. आपल्या कातडीचंही तसंच असतं, वहिनी. सगळ्यात वरचा थर मेलेल्याच पेशींचा. तोच आपल्याला झाकतो."

आईने खूप वेळ डोळा लावून बघितलं. मग सरळ झाली, पदर सावरला आणि म्हणाली, "म्हणजे मेल्यावरपण सुट्टी नाही बिचाऱ्यांना."

पुढे मी पेशींबद्दल बरंच काही वाचलं, प्रज्ञा तर त्यांच्याबरोबरच दिवस काढते. पण आईच्या या वाक्याच्या पुढे माझं ज्ञान काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नुसतं पाण्याने धुतलेल्या बटाट्यांची सालं नेली, तपकिरी, खरखरीत. मावशींनी ती कापडाच्या पट्टीवर कौलांसारखी लावली, वर-खाली मोकळं कापड ठेवून गुंडाळी केली आणि वाफेच्या यंत्रात घातली. ती थंड झाल्यावर आक्काच्या हातावर आणि कुशीवर बांधली. जुनं कापड काढताना मात्र ती ओरडलीच, ते शेवटचं.

एक सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल सालं लावली आणि आक्का टुणकन उठली. तसं काही झालं नाही. आम्ही त्या वॉर्डात कितीतरी दिवस होतो. नंतर दुसऱ्या मांडीचं कातडं काढून हातावर लावावं लागलं. कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही, पोळी लाटताना ती लाटणं जरा तिरकं धरते. दोन ठिकाणी जमत आलेलं लग्न हात बघून मोडलं, मग प्रज्ञाचे वडील भेटले, ते वेगळंच प्रकरण आहे. त्या वॉर्डातल्या सगळ्या काही घरी गेल्या नाहीत. काही गेल्या, तर त्याच घरी गेल्या जिथे स्टोव्ह होता. हे सगळं आठवलं की लिहिता लिहिता मीच पेन खाली ठेवते आणि आक्का झोपलीय ना ते बघून येते.

आता ते पहिलं ड्रेसिंग सोडायचा दिवस.

सकाळची वेळ. नेहमीचीच. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. मावशींनी ट्रे आणला, चिमटा, मिठाचं पाणी. आक्काने नेहमीसारखा आईच्या पदराचा बोळा दातात धरला आणि डोळे मिटले. मी तिचे पाय धरून ठेवले होते, ते माझं काम. त्या पायांना कापरं भरलं की मला आधीच कळायचं, आता ओढणार. मी खिडकीतून खाली पाहिलं. फाटकाशी बापू होते, रस्त्याकडे तोंड, हात मागे. घरात बोलत नव्हते तरी येत होते रोज.

मावशींनी वरची गुंडाळी सोडली. डॉक्टरीणबाईंनी एका कडेने कापड उचललं. मी पाय घट्ट धरले. कापड सालांसकट वर येत होतं, सावकाश, ओलसर. खाली जखम तांबूस, ओली, चकाकती. कुठेही रक्त नाही. कुठे ओढ बसली नाही, काही तुटलं नाही. हाताचं झालं, मग कुशीचं. मी वाट बघत होते. आक्काचे पाय माझ्या हातात तसेच होते, थंड, पण कापत नव्हते. तिने एक डोळा उघडला आणि आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं. वॉर्डात कोण जाणे कसं सगळ्यांनाच कळलं होतं, पलीकडच्या पलंगांवरचं कण्हणंसुद्धा थांबलं होतं. एवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती.

आणि त्याच शांततेत जिन्यावर धावायचा आवाज आला. दाणदाण. मावशी दाराकडे धावल्या, "ओ, खंय चाललात? बायकांचो वॉर्ड आसा ह्यो!" आणि बापू दारातून आत. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, तोंडावर रंग नाही.

"सुमे! सुमे, काय झालं गं? आवाज का न्हाई आला?"

कुणालाच क्षणभर कळलं नाही. मग मला कळलं. ते खाली उभे होते, ड्रेसिंगची वेळ झाली होती, आणि वरून काहीच आलं नव्हतं. रोज तो आवाज ऐकवत नाही म्हणून लांब जाऊन उभं राहणारा माणूस, आवाजच आला नाही म्हणून जिना चढून आला होता. पलीकडची उलटी केलेली गादी त्यांनीही पाहिलेली होती.

आक्काने तोंडातला बोळा काढला. "दुखलं नाही बापू."

बापू तिच्याकडे, मग आईकडे, मग डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिले. विश्वास बसत नव्हता.

"खरंच नाही दुखलं. ओरडून दाखवू का? तुम्हाला बरं वाटत असेल तर ओरडते."

मावशी फस्सकन हसल्या आणि लगेच पदर तोंडावर धरला. आई रडत होती की हसत होती, तिलाच ठाऊक. बापू मात्र पुढे आले. इतक्या दिवसांत त्यांनी आक्काची जखम एकदाही पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. वाकून, हात पाठीमागे धरून, मशीन तपासताना बघायचे तशी. मग ट्रेकडे पाहिलं, त्यात कापडावर ती सालं होती, ओली, गडद झालेली. त्यांच्याकडेही तेवढाच वेळ पाहिलं. वरून विमान गेलं. ते पुरतं जाईपर्यंत बापू थांबले.

मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "उद्याला किती बटाटं लागतील?"

"आणाल तेवढे," त्या म्हणाल्या.

बापूंनी मान हलवली आणि निघाले. मी खिडकीपाशी धावले. अंगणातून ते तसेच, एका पायात चप्पल घालून, फाटकाबाहेर पडले आणि भाजीबाजाराच्या बाजूला वळले.